ळ, य आणि एक मिनिट: वाचनचाचणीच्या नोंदी

1 जुलै 2024, अमरावती

वही सुरू. काम असं: इयत्ता तिसरीच्या मुलांसाठी मराठी वाचनाची चाचणी तयार करायची. एका वेळी एकच मूल, समोर कार्ड, दहा-बारा मिनिटं. अचलपूर, दर्यापूर आणि धारणी या तीन तालुक्यांत ती वापरून बघायची. वर्षअखेर हे साधन शिक्षकांच्या हातात द्यायचं.

पहिलाच प्रश्न बैठकीत आला, तो बरोबर होता: ग्रामीण मुलांच्या वाचनाची घरोघरी जाऊन होणारी ‘असर’ पाहणी असताना आणखी एक चाचणी कशाला? ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून चालवलेला तो एका पानाचा कागद मला अजूनही आवडतो. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद द्यायचा. जमला तर गोष्ट, अडलं तर शब्द, तिथेही अडलं तर अक्षरं. घरी जाऊन, ओट्यावर बसून, घड्याळ न लावता. गावातला कोणीही कार्यकर्ता घेऊ शकतो, आणि निकाल मुलाच्या बापालाही कळतो. एवढं साधं साधन बनवायला किती अक्कल लागते हे स्वतः बनवायला बसलं की समजतं.

पण तो कागद मूल कुठल्या पायरीवर उभं आहे तेवढं सांगतो. पाय कशात अडकलाय ते सांगत नाही, आणि सांगण्याचा त्याचा दावाही नाही. शिक्षकाला नेमकं तेच हवं असतं.

4 जुलै

कार्डांचा पहिला नमुना आला आणि परत गेला. टंक (फॉन्ट) चुकला. संगणकात जो तयार होता त्यात ल आणि श हिंदी वळणाचे. आपल्या मुलांनी पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श पाहिलेला असतो. राज्य शासनाने 2009 आणि 2022 च्या निर्णयांत वर्णमालेबरोबर हीच वळणं ठरवून दिली आहेत. मोठ्या माणसाचा डोळा दोन्ही ल सहज गिळतो. आठ वर्षांचं मूल क्षणभर थांबतं, आणि घड्याळ चालू असेल तर तो क्षण आपण ‘वाचनाचा वेग’ म्हणून नोंदवतो.

‘दुसऱ्या’मधला र्‍य नीट उमटतो का तेही तपासलं. नाही उमटत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा टंक लावून पुन्हा पाठवलं.

11 जुलै, दर्यापूर तालुका

पहिली चाचणी. पाऊस, शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, शेजारी खिचडीचं पातेलं. मुख्याध्यापक म्हणाले, “घ्या मॅडम, आमचे पोट्टे घाबरत नाहीत.” खरंच घाबरली नाहीत.

सहावी मुलगी. शब्दकार्डावर ‘शाळा’. तिने वाचलं, “शाया.” मी चूक टिपली. पुढे ‘डोळे’. “डोये.” चूक. ‘केळी’, “केयी.” चूक. दहा शब्दांत चार वेळा ळ, म्हणजे चार चुका, म्हणजे माझ्या निकषाने तिला शब्द वाचता येत नाहीत. पोरगी मात्र झरझर वाचत होती. शब्द संपल्यावर तिने कार्ड उलटं करून मागे आणखी आहेत का ते पाहिलं.

मी दर्यापूरचीच. माझी आजी जन्मभर “डोयात कचरा गेला” म्हणाली. माझ्या तोंडातला य शाळेने केव्हा काढून घेतला ते आठवत नाही, पण आज पेन्सिल हातात धरून मी त्याच शाळेच्या बाजूने बसले होते.

12 जुलै

रात्री झोप नाही. ती मुलगी ‘ळ’ हे चिन्ह ओळखते आणि तिच्या बोलीत त्याचा जो उच्चार आहे तो करते, असं असेल तर ते वाचनच. पण तिला ळ आणि य यांतला फरकच ठाऊक नसेल तर ते वाचन नव्हे. ऐकायला दोन्ही सारखंच. कानावर विसंबून हा निकाल लागणार नाही.

सहकाऱ्याचं मत: प्रमाण उच्चार नसेल तर चूकच धरा, नाहीतर मोजमापाला अर्थ उरत नाही. त्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. निकष सैल केला की प्रत्येक परीक्षक आपापल्या मनाने सैल करतो. शाळेतल्या गुरुजींचं मत: “पोट्टं वाचते ना बाप्पा, मंग चूक काहून?” त्यांचाही मुद्दा उडवून लावत नाही.

18 जुलै

उपाय सापडला, आणि तो बोलीनेच दिला. वऱ्हाडीत ळचा य झाला की काही जोड्या ऐकायला एक होतात. माळ आणि माय. गाळ आणि गाय. म्हणून चार कार्डं केली, चित्र नाही, नुसते शब्द.

तीच शाळा, तीच मुलगी. ‘गाळ’ आणि ‘गाय’ शेजारी ठेवून विचारलं, वाच. दोन्हीला “गाय”. मग विचारलं, “यातली दूध देते ती कोणती?” तिने क्षणात ‘गाय’वर बोट ठेवलं. “आणि ही?” माझ्याकडे जरा कीव करून बघत म्हणाली, “हे नालीतली.”

मग ‘माळ’. तिने “माय” वाचलं. मी मुद्दाम म्हटलं, माय म्हणजे घरी आहे ती? तिने मान हलवली आणि गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावला.

तिला वाचता येतं. 11 तारखेच्या तक्त्यावर चार फुल्या आहेत त्या मी खोडलेल्या नाहीत, पुढे प्रशिक्षणात दाखवायला ठेवल्या.

त्याच दिवशी एका मुलाने ‘माळ’ आणि ‘माय’ दोन्ही “माय” वाचले आणि दोन्ही वेळा आई म्हणाला. त्याला ळ खरोखरच येत नाही. जुन्या पद्धतीने त्या दोघांना सारखेच गुण पडले असते.

नियम लिहिला: बोलीउच्चार हा वेगळा रकाना, चूक नाही. बोलीउच्चार आला तर जोडीकार्ड दाखवायचं. प्रत्येक मुलामागे अर्धा मिनिट वाढेल, वाढू दे.

30 जुलै

आता वेग. पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं, तेव्हापासून तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, अर्थ समजून, हे लक्ष्य सगळ्यांच्या तोंडी आहे. एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजण्याची रीत आली इंग्रजीतून. अमेरिकेत ती शाळाशाळांत होतीच, 2006 नंतर एग्रा नावाच्या चाचणीबरोबर ती अनेक देशांत आणि भाषांत गेली. भाषा बदलली, पण मोजायचं एकक ‘शब्द’च राहिलं.

मराठीत शब्द म्हणजे काय? आज दुपारी फळ्यावर हे लिहिलं:

लड़की पेड़ के नीचे बैठी है.
मुलगी झाडाखाली बसली आहे.

एकच अर्थ, एकच लिपी. हिंदीत 6 शब्द, 11 अक्षरं. मराठीत 4 शब्द, 12 अक्षरं. आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटवतो, हिंदी ते सुटं लिहिते. मराठी मुलाने इथे एक अक्षर जास्त वाचलं आणि दोन शब्द कमी कमावले. एका वाक्यावरून सिद्धांत मांडू नये, पण शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे.

भाषा सोडा, मराठीतल्या मराठीत बघा. आमच्याच दोन उताऱ्यांची सुरुवात:

पहिला: सकाळ झाली. मनू उठली. ती शेतावर गेली. शेतात एक गाय होती.
दुसरा: शेजारच्या विहिरीवरून पाणी आणताना मनूच्या घागरीतले थोडे पाणी सांडले.

पहिल्यात 11 शब्द आणि 26 अक्षरं. दुसऱ्यात 9 शब्द आणि 31 अक्षरं. समजा एक मूल दोन्हीकडे मिनिटाला 90 अक्षरं याच चालीने वाचतंय. पहिल्या उताऱ्याच्या घडणीवर त्याचे 38 शब्द होतात, दुसऱ्याच्या घडणीवर 26. मूल तेच, तोंड तेच, दिवस तोच. उतारा निवडणाऱ्याने, म्हणजे मी, त्याचे 12 शब्द खाल्ले.

(अक्षर म्हणजे इथे च्या, री, सां असा एकेक लिहिलेला घटक. ‘सकाळ’मधला शेवटचा ळ पूर्ण उच्चारला जात नाही तरी एक धरला. यावर तासभर वाद झाला, तो इथे लिहीत नाही.)

31 जुलै

कालचंच. मार्च 2022 च्या राष्ट्रीय पायाभूत अध्ययन अभ्यासात तिसरीच्या सुमारे 86,000 मुलांची एकेकट्याने तपासणी झाली, 20 भाषांत, आणि वाचनाचे मापदंड प्रत्येक भाषेसाठी वेगळे ठरवले गेले. म्हणजे भाषेभाषेत फरक आहे हे वरच्या पातळीवर मान्य आहे. तालुक्याच्या बैठकीत मात्र 60 हाच आकडा पोचतो, कारण तो लक्षात राहतो.

वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांचा कन्नड मुलांवरचा 2007 चा अभ्यास पुन्हा काढला. रोमन लिपीतली अक्षरं वर्षभरात संपतात. आपल्याकडची अक्षरं मुलं पहिलीपासून तिसरी-चौथीपर्यंत गोळा करत राहतात. साहजिक आहे. बाराखडीचाच पसारा चारशेच्या पुढे जातो, जोडाक्षरं निराळीच. तिसरीतलं मूल ‘ष्ट’वर अडलं तर ते मागे पडलंय असं नाही, ते अजून रस्त्यात असू शकतं.

ठरलं: दोन्ही लिहायचं, मिनिटातले शब्द आणि मिनिटातली अक्षरं. आणि मिनिट झालं म्हणून मुलाला थांबवायचं नाही. तिथे तिरकी रेघ मारायची, मुलाला गोष्ट संपवू द्यायची. गोष्टीच्या मधोमध “बस” म्हटल्यावर ज्या नजरेने मुलं बघतात ती नजर मला पुन्हा नको.

14 ऑगस्ट

अचलपूर. उद्याच्या झेंडावंदनाची कवायत चालू, ढोलामुळे रेकॉर्डिंग निकामी. परत.

3 सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. तिसरीतली अर्धी मुलं लाकडी बैल घेऊन गावात. कार्यालयात बसून आकलनाचे प्रश्न तपासले.

पद्धत जुनी आणि निर्दय: उतारा न देता फक्त प्रश्न विचारायचे. ‘गायीने काय खाल्ले?’ या प्रश्नाचं उत्तर कार्यालयातल्या शिपायाच्या मुलाने गोष्ट न ऐकता दिलं, “चारा.” बरोबर! म्हणजे हा प्रश्न वाचन तपासतच नाही, शेजारी गाय आहे का ते तपासतो. गोष्ट बदलली. आता गाय मनूची वही खाते. प्रश्न तोच ठेवला. ज्याने वाचलंय तो हसून सांगेल, ज्याने नाही वाचलं तो चारा म्हणेल. सात प्रश्नांपैकी तीन असे गळाले.

11 सप्टेंबर, धारणी

परतवाड्यानंतर घाट, सेमाडोह, हरिसाल. मोबाइलला रेंज नाही, हे एक सुख.

इथली मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मराठीची बोली नव्हे. ती मुंडा शाखेची भाषा, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. दर्यापूरच्या मुलीचा प्रश्न एका ध्वनीचा होता. इथे अख्खी भाषा वेगळी.

एक मुलगा आला. परिच्छेद खडखडीत वाचला. ळ सुद्धा आपल्या पुस्तकी ळसारखा, कारण मराठी त्याने पुस्तकातूनच घेतली. अक्षरांचा वेग दर्यापूरच्या बऱ्याच मुलांपेक्षा सरस. मग प्रश्न विचारले. पहिल्याला गप्प. दुसऱ्याला उताऱ्यातलं शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं. तिसऱ्याला माझ्यामागे उभ्या असलेल्या अंगणवाडीताईंकडे पाहिलं. ताईंनी तोच प्रश्न कोरकूत विचारला. तरी काही नाही.

मग ताई म्हणाल्या, “मॅडम, तुम्हीच वाचून दाखवा ना त्याला.” मी सावकाश वाचलं. प्रश्न विचारले. तरीही नाही. मग ताईंनी तीच गोष्ट आपल्या शब्दांत कोरकूत सांगितली. वही खाल्ल्याच्या जागी तो मोठ्याने हसला आणि सगळी उत्तरं दिली, वर गाय कोणाची होती असा उलटा प्रश्नही टाकला.

गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र आम्ही सगळेच शिकवतो: वाचन म्हणजे अक्षर उकलणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्य. वर्गात फळ्यावर लिहिताना ते नुसतं गणित वाटतं. आज तो शून्य समोर मांडी घालून बसला होता, आणि तो त्या मुलाचा नव्हता.

12 सप्टेंबर

म्हणून चाचणीत नवा भाग: ऐकून समजणं. ज्या मुलाला वाचून उत्तरं आली नाहीत त्याला दुसरा, त्याच पातळीचा उतारा परीक्षकाने वाचून दाखवायचा. ऐकून समजलं तर अडचण अक्षरात. ऐकूनही नाही समजलं तर अडचण मराठीत, आणि त्या मुलाला आणखी बाराखडी गिरवायला लावणं म्हणजे गुडघेदुखीवर डोळ्यात थेंब घालणं. मुलाच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगण्याची पायरी सगळीकडे शक्य नाही, जिथे सेविका किंवा शिक्षक ती भाषा बोलतात तिथे ठेवली.

तक्त्यात ‘घरची भाषा’ हा रकाना सुरुवातीपासून होता. आम्ही तो भरून विसरत होतो.

27 सप्टेंबर

एका शाळेत गंमत. मुलगा कार्ड हातात घेऊन छताकडे बघत गोष्ट वाचू लागला. अस्खलित. मी कार्ड काढून घेतलं, तरी वाचत राहिला. आठवड्यापूर्वी कोणीतरी कार्डाचा फोटो काढला होता, तो गटागटांतून फिरला आणि पाठ करून घेतला गेला. शाळेचं नाव लिहीत नाही. शिक्षकावर राग नाही; वरून आकडा मागितला जातो, खालून आकडा पाठवला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल पन्नास वर्षांपूर्वीच हे सांगून गेला आहे: मोजमापाला जितकं वजन द्याल तितकं ते नासतं.

पण ज्या शिक्षकाने वीस मुलांकडून 80 शब्दांची गोष्ट आठवड्यात पाठ करून घेतली, त्याच्याकडे कसब आहे हे नक्की.

आता एका गोष्टीचे पाच अवतार करायचे. अक्षरसंख्या, जोडाक्षरं, वाक्यांची लांबी सारखी, मजकूर वेगळा. सोपं वाटतं. दोन महिन्यांचं काम आहे.

8 ऑक्टोबर

दोन परीक्षकांनी एकच रेकॉर्डिंग ऐकून स्वतंत्रपणे गुण द्यायचे, मग ताळा. एक सहकारी खूश, बहुतेक ठिकाणी दोघांचं एकमत. त्याला थांबवून हिशेब दाखवला. समजा दोघेही परीक्षक कान बंद करून दहातल्या नऊ मुलांवर ‘येतं’ असा शिक्का मारतात. निव्वळ योगायोगाने त्यांचं एकमत किती होईल? 0.9 गुणिले 0.9, अधिक 0.1 गुणिले 0.1. म्हणजे 0.82. न ऐकता शंभरात 82 वेळा एकमत! म्हणून नुसती टक्केवारी नको, कोहेनचा ‘कप्पा’ (kappa) हा आकडा काढायचा. तो योगायोगाचा वाटा वजा करून उरलेलं दाखवतो.

काढला. जुलैच्या रेकॉर्डिंगवर वाईट, सप्टेंबरच्या बरा. जुलैतले बहुतेक मतभेद ळवरचे. उरलेले, मूल चुकून स्वतःच दुरुस्त करतं तिथले. “शेतावर… शेतात.” नियम: स्वतः दुरुस्त केलं तर बरोबर. हा नियम सगळ्या चाचण्यांत असतो, आम्हीच लिहायचा राहिला होता.

18 नोव्हेंबर

परवा विधानसभेचं मतदान. सगळे शिक्षक निवडणूक कामावर, शाळांत मतदान केंद्रं. काम ठप्प.

रिकामा वेळ म्हणून जनगणनेची व्याख्या वाचली. सात वर्षांची किंवा त्याहून मोठी, कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकणारी व्यक्ती साक्षर. 2011 चा महाराष्ट्राचा आकडा 82.34 टक्के. व्याख्येत ‘समजून’ हा शब्द आहे. पण प्रगणक दारात उभा राहून विचारतो आणि घरातला जो कोणी पुढे असेल तो सांगतो. कोणाच्या हातात कागद दिला जात नाही. धारणीचा तो मुलगा त्या मोजणीत साक्षर ठरेल, आणि घरच्यांनी खोटं सांगितलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

प्रौढांसाठी केंद्राच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाची चाचणी आहे, तिथे निदान कागद हातात येतो: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण. 17 मार्च 2024 ला महाराष्ट्रात झाली तेव्हा मी एका केंद्रावर बसले होते. एका आजींनी सही झाल्यावर स्वतःची सही पुन्हा वाचून बघितली.

12 डिसेंबर

पाच उतारे तयार, अक्षरसंख्या जवळपास एकसारखी. चौथ्यात ‘ज्ञ’ दोनदा आल्याने तो जड जातोय. एक ज्ञ काढला.

तालुक्याच्या बैठकीत साधन मांडलं. एक अधिकारी शांतपणे सगळं ऐकून म्हणाले, “मॅडम, हे चार रकाने छान आहेत. पण वर पाठवायला एकच आकडा द्या.” मी म्हटलं, एका मुलाला ळ येत नाही, एकाला मराठी येत नाही, एकाला गोष्ट पाठ आहे. या तिघांची सरासरी काय काढू? ते हसले. आकडा मात्र त्यांना हवाच आहे. बहुधा आम्ही देऊही: अक्षरांचा वेग आणि आकलन असे दोन. एकावर यायचं नाही, एवढं ठरवून उठले.

29 जानेवारी 2025

काल असर 2024 आला. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीची 23.4 टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचतात. 2022 मध्ये 16.3 होती. करोनाच्या खड्ड्यातून वर आलो, 2018 च्या 20.9 च्याही पुढे. कार्यालयात चहा झाला. मग कोणीतरी विचारलंच, यात शाया म्हणणाऱ्या किती फुल्या असतील? असरचे कार्यकर्ते त्याच जिल्ह्यातले असतात, ते बहुधा कानाने समजून घेत असतील असं मी म्हटलं. बहुधा. लिहिलेला नियम आणि स्थानिक कान यांत मी आता नियमाबरोबर कानही मागते. म्हणून परीक्षक त्याच तालुक्यातला असावा, ही अट पुस्तिकेत पहिल्या पानावर टाकली.

11 फेब्रुवारी

नव्या परीक्षकांचं प्रशिक्षण, धारणीचे सहा, दर्यापूर-अचलपूरचे नऊ. 11 जुलैचं रेकॉर्डिंग ऐकवलं. “शाया, डोये, केयी.” नऊंपैकी सात जणांनी फुल्या मारल्या. सगळे वऱ्हाडातलेच, घरी तसंच बोलणारे. मग माझा जुना तक्ता दाखवला, आणि जोडीकार्डं वाटली. एक मुलगी ‘माळ’ हातात धरून बराच वेळ बसली होती.

संध्याकाळी छापखान्यातून फोन. पुस्तिकेच्या शेवटच्या प्रुफात ल पुन्हा हिंदी वळणाचा झालाय, त्यांच्या संगणकात यशोमुद्रा नव्हता म्हणून त्याने आपोआप दुसरा घेतला. 400 प्रती थांबवल्या. उद्या सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः जायचं.